छप्पर नसलेला डबा

आमच्या घरांत अजून चूल एकच आहे. पुण्यांतला जुना वाडा पडून त्याच्या जागीं इमारत उभी राहिली, तेव्हां आम्हां तिघां भावांनीं एकाच मजल्यावरचीं तीन बिऱ्हाडें घेतलीं, मधल्या भिंतींत दारें पाडलीं आणि स्वयंपाकघर मात्र एकच ठेवलें. त्या स्वयंपाकघराचें राज्य काकूकडे आहे. काकू म्हणजे आमच्या वडिलांच्या धाकट्या भावाची पत्नी. आमची आई लवकर गेली. त्यानंतर आम्हां तिघांना वाढविलें तें हिनेंच. काकांना जाऊनहि आतां बरींच वर्षें झालीं. एकुलती एक मुलगी इंदुरास दिलेली. काकूचें वय ऐंशीच्या घरांत आहे. कान तीक्ष्ण आहेत, स्मरण त्याहून तीक्ष्ण आहे. फक्त गेल्या चार वर्षांत उजवा हात थोडा कांपूं लागला आहे.

मोबाइल फोनांच्या बाबतींत आमच्या घरीं एक अलिखित कायदा होता. नवा फोन कमावत्या माणसाच्या हातीं, त्याचा दोन वर्षें वापरलेला फोन पत्नीकडे, तिचा मुलांकडे, आणि ज्याची कांच तडकली आहे, ज्याची बॅटरी दुपारीं बारालाच मान टाकते, असा जो शेवटीं उरेल तो काकूकडे. ह्यांत कोणाचा वाईट हेतु होता असें मुळींच नाहीं. "काकूला काय, बोलण्यापुरता हवा," हें वाक्य आम्ही सगळे इतक्या सहजपणें उच्चारीत होतों, कीं त्याचा अर्थ काय होतो हें तपासून पाहण्याचें कोणाच्याच मनांत आलें नाहीं. माझ्याहि नाहीं. आणि मी तर गेलीं अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवितों!

काकूला फोन बोलण्यापुरताच हवा होता, हेंहि खरें नव्हतें. तिच्याजवळ तिच्या सासूबाईंची, म्हणजे आमच्या आजीची, पाककृतींची एक वही आहे. शाईनें लिहिलेली, पानें सुटत आलेलीं, अक्षर दिवसेंदिवस फिकें होत चाललेलें. ती वही आपल्याला पानपान करून पाठव, असें इंदुरच्या बहिणीनें सांगितल्यापासून काकूचा रोजचा एक उद्योग झाला होता. दुपारचीं भांडीं आवरलीं कीं खिडकीपाशीं पाट मांडायचा, त्यावर वही उघडायची आणि दोन पानांचीं छायाचित्रें काढून धाडायचीं. वही ती दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नसे. "तुम्हीं पान उलटलेंत कीं तें सुटलेंच समजा," असें म्हणे. हात कांपे, चित्र हले आणि इंदुराहून संध्याकाळीं निरोप येई, "आई, अक्षर लागत नाहीं." मुलें हंसत. "आजीनें आज पुन्हां धुक्याचा फोटो काढला!" काकूहि त्यांच्याबरोबर हंसे आणि दुसऱ्या दिवशीं तेंच पान पुन्हां काढी.

२०२४ च्या दसऱ्याला मी व आमचे चिरंजीव फोन घ्यावयास गेलों. चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत होते, आणि चांगले गुण पडल्यास आयफोन घेऊन देईन असें वचन मीं एका बेसावध क्षणीं देऊन बसलों होतों. त्याच खेपेंत काकूसाठींहि एक "साधासा" फोन घ्यावा, असें पत्नीनें सुचविलें होतें. कारण तिच्या जुन्या फोनची बॅटरी आतां अगदींच गेली होती. म्हणजे एका पिशवींत दोन फोन यावयाचे होते. एकासाठीं मीं मनांत ऐंशी हजार धरले होते, दुसऱ्यासाठीं बारा.

दुकानांतला विक्रेता तरुण होता, अदबीचा होता आणि आपल्या विद्येंत माझ्यापेक्षां अधिक निष्णात होता. त्यानें आधीं आयफोन १६ पुढें ठेवला. किंमत ७९,९०० रुपये. सांठवण १२८ जी.बी. मग सहज म्हणावें तसें म्हणाला, "साहेब, आणखी दहा हजारांत सांठवण दुप्पट मिळते." म्हणजे ८९,९००. "आणि तेवढ्याच पैशांत मोठ्या पडद्याचा प्लसहि येतो." तोहि ८९,९००. "पण प्लसमध्यें २५६ जी.बी. घेतलेलें बरें." ९९,९००. "आतां एवढे घालतांच आहां, तर वीस हजार आणखी घालून प्रोच कां घेत नाहीं?" १,१९,९००. दहा मिनिटांत मी ऐंशी हजारांवरून एक लाख वीस हजारांवर चढलों होतों, आणि एकाहि पायरीवर आपण मोठी उडी मारली असें मला वाटलें नव्हतें. आपल्या जुन्या घरांतला जिना आठवा. पायऱ्या बेताच्या असल्या कीं म्हातारीं माणसेंहि दम न लागतां माडीवर पोंचत. हा जिना बांधणाराहि तसाच हुषार गवंडी असला पाहिजे.

ह्या जिन्याचें शास्त्र माझ्या विषयांतलेंच आहे. सिमॉन्सन व ट्वर्स्की ह्या दोन विद्वानांनीं १९९२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मिनोल्टा कंपनीचे दोन कॅमेरे, एक सुमारें १७० डॉलरांचा व दुसरा २४० डॉलरांचा, लोकांपुढें ठेवले तेव्हां निवड अर्धी-अर्धी झाली. नंतर दुसऱ्या गटापुढें त्या दोहोंच्या जोडीला ४७० डॉलरांचा तिसरा ठेवला. आतां २४० डॉलरांचा मधला कॅमेरा शंभरांपैकीं सत्तावन्न जणांनीं पसंत केला! कॅमेरा तोच, किंमतहि तीच. फक्त त्याच्या डोक्यावर एक अधिक महाग भाऊ येऊन बसला. सर्वांत वरचें मॉडेल स्वतः किती खपतें, ह्याहून मधलें मॉडेल तें किती खपवितें, हा हिशेब पुष्कळदां मोठा असतो.

तेवढ्यांत चिरंजीवांनीं एक चमत्कारिक गोष्ट माझ्या नजरेस आणली. काकूसाठीं काढून ठेवलेल्या बारा हजारांच्या फोनचा पडदा बोटानें सरकविला कीं अक्षरें पाण्यासारखीं वाहत. ऐंशी हजारांच्या फोनवर तीं किंचित् अडखळत. हें कसें? विक्रेत्यानें उलगडा केला. स्वस्त फोनचा पडदा सेकंदाला १२० वेळां चित्र बदलतो. आयफोन १६ चा ६० वेळां. १२० वेळांचा पडदा हवा असेल तर प्रो घ्यावा लागेल. रंग, उजेड, कांचेचा कस ह्यांत महाग फोन सरस होता, हें खरें; परंतु ही एक सोय पंधरा हजारांच्या आंतल्या कित्येक फोनांत असतां, ऐंशी हजारांच्या फोनांत ती घालणें कंपनीला जड होतें, असें कोण म्हणेल? ती राखून ठेवली होती. प्रो मॉडेलांना ती २०२१ पासून होती. साध्या आयफोनला ती २०२५ च्या सप्टेंबरांत, आयफोन १७ निघाला तेव्हां मिळाली. चार वर्षें ती एका कुंपणाचें काम करीत होती.

येथें थोडें थांबून कमीपणाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. आपल्या घरांतल्या गृहिणी ते माझ्याहून चांगले जाणतात. गिरणींत भात सडतांना कांहीं दाणे अखंड राहतात, कांहीं तुटतात. अखंड तांदूळ महाग, तुकडा स्वस्त, कणी त्याहून स्वस्त. ह्यांत अन्याय नाहीं. कणीची पेज गोड लागते, आणि तुटलेला दाणा टाकून देण्यापेक्षां गरिबाच्या पोटांत गेलेला बरा. फोनच्या आंतल्या चिपचेंहि असेंच होतें. एका तबकडींतून शेंकडों चिपा निघतात; त्यांतल्या ज्यांचा एखादा भाग सदोष निघतो, त्यांचा तो भाग बंद करून त्या स्वस्त मॉडेलांत बसवितात. ही निवड त्या धंद्यांत सर्रास चालते. २०२५ च्या फेब्रुवारींत आयफोन १६ ई निघाला, ५९,९०० रुपयांना. त्यांतल्या चिपचें नांव आयफोन १६ मधल्याच चिपचें, ए १८. पण चित्रें रंगविणारे विभाग तेथें पांच, येथें चार.

परंतु समजा, कणीला गिऱ्हाईक पुष्कळ आहे, तुटलेले दाणे पुरत नाहींत आणि स्वस्त भावानें अखंड तांदूळ विकला तर महाग गिऱ्हाईकहि तोच नेईल अशी गिरणीवाल्याला धास्ती आहे. मग तो काय करील? चांगले दाणे मुद्दाम फोडील! ही कल्पना हास्यास्पद वाटते ना? परंतु १९९० सालीं आय. बी. एम. कंपनीनें जवळजवळ हेंच केलें. तिचा लेसर प्रिंटर मिनिटाला १० पानें छापी. त्याची स्वस्त आवृत्ति काढली ती मिनिटाला ५ पानें छापी. आंतलें यंत्र बहुतेक तेंच. मात्र त्याला मधूनमधून उगाच थांबण्याची आज्ञा मुद्दाम घातलेली. म्हणजे स्वस्त यंत्रांत कांहीं काढून टाकलें नव्हतें. त्याला मंद करण्यासाठीं उलट अधिक खर्च केला होता.

ह्या युक्तीचें मर्म सर्वांत आधीं ज्यानें उघड करून दाखविलें त्यांपैकीं ज्यूल द्युपुई हा एक. हा फ्रेंच अभियंता. वाहतुकीच्या दरांविषयीं १८४९ सालीं लिहितांना त्यानें आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचा प्रश्न घेतला. त्या वर्गाच्या कांहीं डब्यांना छप्पर नसे. बसावयास नुसतीं लांकडी बांकें. लोक कंपनीला कंजूष व निर्दय म्हणत. द्युपुईचें म्हणणें निराळें होतें. डब्यावर छप्पर घालण्याचा खर्च कंपनीला सहज झेपण्याजोगा आहे. परंतु छप्पर घातलें तर दुसऱ्या वर्गाचें भाडें देऊं शकणारा उतारूहि तिसऱ्या वर्गांत येऊन बसेल. पाऊस गरिबाच्या डोक्यावर पडतो खरा. पण तो पाडलेला असतो त्याच्या वरच्या पायरीवरील माणसाला भिवविण्यासाठीं. हा सिद्धांत मीं अठ्ठावीस वर्षें फळ्यावर लिहिला आहे आणि परीक्षेंत त्यावर प्रश्नहि काढले आहेत.

कंपन्यांच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलणें न्याय्य होईल. नवा फोन बनविण्यांत मोठा खर्च संशोधनाचा असतो. तो एक फोन विकला तरी करावा लागतो व कोटि विकले तरी करावा लागतो. सर्वांना एकच किंमत लावली तर एक तर गरीब बाहेर राहतो, नाहीं तर खर्च भरून येत नाहीं. ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून अधिक घ्यावें आणि त्या पैशानें निघालेली सुधारणा पुढें सर्वांना मिळावी, ह्यांत समाजाचा तोटाच होतो असें नाहीं. शिवाय स्पर्धा हें कुंपणावरचें मोठेंच औषध आहे. २०१८ सालीं वनप्लस ६ हा फोन आपल्याकडे ३४,९९९ रुपयांना निघाला. तीन महिन्यांनीं शाओमीनें पोको एफ १ काढला. आंतली मुख्य चिप तीच, स्नॅपड्रॅगन ८४५, आणि किंमत २०,९९९. पाठ कांचेऐवजीं प्लास्टिकची, पडदा कमी प्रतीचा. पण फोनची बुद्धि मात्र तीच. मौज अशी कीं शाओमीनेंहि तो विकावयास "पोको" हें निराळें नांव घेतलें. घरांतल्या घरांतहि एक पडदा लावावा लागतोच!

असो. चिरंजीवांसाठीं प्रो घ्यावयाचा नाहीं असें ठरलें. साधा १६ घ्यावयाचा, पण दहा हजार अधिक घालून दुप्पट सांठवणीचा, कारण "बाबा, व्हिडिओंना जागा लागते." मीं मान हलविली. आतां काकूची पाळी. बारा हजारांचा फोन मीं हातांत घेतला आणि विक्रेत्याला म्हटलें, "आमच्या काकूंसाठीं आहे. हात थोडा कांपतो त्यांचा. वहीच्या पानांचे फोटो काढतात, ते हलतात. ह्यांत नीट येतील ना?"

तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "साहेब, हात हलला तरी कॅमेऱ्याचा आंतला भाग उलट बाजूला सरकतो आणि चित्र स्थिर राहतें, अशी एक सोय असते. ओआयएस म्हणतात तिला. पण ती ह्यांत नाहीं. ती वरच्या मॉडेलांत."

"म्हणजे ह्यांत?" असें म्हणून मीं चिरंजीवांच्या फोनकडे बोट दाखविलें.

"हो, त्यांत आहे ना!"

मी त्या दोन फोनांकडे पाहतच राहिलों. आमचे चिरंजीव रोज सकाळीं व्यायाम करतात. हात दगडासारखा स्थिर. त्यांच्या कॅमेऱ्याचा आंतला भाग सरकणार. ज्या हातानें आम्हांला भरविलें आणि जो आतां कांपतो, त्या हातांतल्या कॅमेऱ्याचा आंतला भाग जागच्या जागीं राहणार. कुंपण घालणाऱ्यानें काकूला पाहिलेलेंहि नाहीं. तो बिचारा खिसा पाहून कुंपण घालतो, गरज पाहून नाहीं. त्याला मी काय दोष देऊं? परंतु मीं तर काकूला पाहिलें होतें. रोज दुपारीं खिडकीपाशीं पाट मांडून बसलेली पाहिलें होतें, आणि धुक्याच्या फोटोला मुलांबरोबर हंसलोंहि होतों. कंपनीनें फोनांच्या पायऱ्या पाडल्या होत्या. पण त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर काकूला नेऊन बसविलें होतें तें आम्हीं. छप्पर नसलेला डबा आमच्याच घरांत होता, आणि त्याचें भाडें ठरविणारा मीच होतों.

"ती सोय असलेला सर्वांत स्वस्त कोणता?" मीं विचारलें. त्यानें एक फोन काढला. किंमत बावीस हजारांच्या आसपास. म्हणजे काकूच्या फोनवर आणखी दहा हजार. आणि अगदीं तेवढेच दहा हजार, कांहीं विचार न करतां, मी मघाशीं चिरंजीवांच्या व्हिडिओंच्या जागेसाठीं देऊन चुकलों होतों! तेव्हां मला हा आंकडा मोठा वाटला नव्हता. आतां मात्र मनांत कोणीतरी पुटपुटलें, "काकूला काय, बोलण्यापुरता हवा..."

मी चिरंजीवांकडे पाहिलें. त्यानें माझ्याकडे पाहिलें नाहीं. विक्रेत्याला एवढेंच म्हणाला, "माझा १२८ चाच द्या. आजीला तो वरचा द्या." धुक्याचा फोटो हा शब्द घरांत प्रथम त्यानेंच काढला होता.

परत येतांना मला प्रा. मधु दंडवते आठवले. आपल्याकडे आगगाडीचा तिसरा वर्ग १९७४ सालीं बंद झाला, तरी दुसऱ्या वर्गाच्या निजावयाच्या फळ्या लांकडाच्याच होत्या. त्यांवर एक रात्र काढलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीं आपल्याला किती बरगड्या आहेत हें मोजावें लागत नसे. १९७७ सालीं राजापूरचे खासदार दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनीं त्या फळ्यांवर दोन इंचांची फोमची गादी घालण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्गाची गादी त्यासाठीं काढून घ्यावी लागली नाहीं. पहिल्या वर्गाचे उतारू पहिल्या वर्गांतच राहिले. लांकडी फळी ही अर्थशास्त्राची गरज नव्हती. ती फक्त कोणी हलविली नव्हती. ते गृहस्थ पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, अर्थशास्त्राचे नव्हते, ह्याची मला त्या दिवशीं थोडी लाज वाटली.

तेव्हांपासून मीं एक नियम केला आहे. फोन असो, शिवणयंत्र असो, वा आगगाडीचें तिकीट असो. "वरचें कोणतें आणि खालचें कोणतें" असें आधीं विचारावयाचें नाहीं. ज्याच्यासाठीं घ्यावयाचें तो माणूस त्या वस्तूनें दिवसभर काय करणार, हें विचारावयाचें. आणि मग खालच्या मॉडेलांतून नेमकें काय काढून घेतलें आहे, तें पाहावयाचें. जें काढून घेतलें तें त्याला लागत नसेल तर खालचें मॉडेल हें बाजारांतलें सर्वांत शहाणपणाचें मॉडेल होय; कणीची पेज खुशाल प्यावी. पण जें काढून घेतलें तेंच त्याला हवें असेल, तर तेथें काटकसर करणें म्हणजे पावसांत उभें राहून छत्रीचे पैसे वांचविणें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं फोन वरून खालीं झिरपत जातात, त्यांनीं शेवटचा फोन कोणाच्या हातीं जातो, हें एकदां पाहावें, एवढीच विनंति.

काकूनें फोन हातांत घेतला, खोक्यावरची किंमत चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "अरे, एवढ्यांत दोन मिक्सर आले असते!" दुसऱ्या दिवशीं दुपारीं मात्र नेहमींपेक्षां अर्धा तास आधींच पाट मांडला गेला. हात कांपत होताच. यंत्रानें हात बरा होत नाहीं. दोन-तीन चित्रें हललीं, बाकीचीं पुरेशीं स्वच्छ आलीं. संध्याकाळीं इंदुराहून फोन आला. बहिणीचा आवाज आम्हां सर्वांना ऐकूं येईल इतका मोठा होता.

"आई, पुरणाचें पान अगदीं लख्ख आलें ग! आजीचें अक्षर किती दिवसांनीं दिसलें! सगळें लागतें आहे. जायफळ किती, वेलदोडे किती, सगळें. फक्त गुळाच्या पुढें काय लिहिलें आहे तें सांग. 'अं'पासून कांहींतरी आहे."

काकूनें वही डोळ्यांजवळ नेली, पान न सुटेल अशा बेतानें धरली आणि शांतपणें वाचलें,

"अंदाजें."